गांधीलमाशीचं अपडाऊन

मागच्या लगनसराईत मी दुसऱ्याची मोटारसायकल घरी घेऊन आलो. चोरली नाही, चोरीला नियोजन लागतं, आणि नियोजनाशी माझा संबंध शाळेच्या दप्तरापुरताच आहे. झालं असं, की कळंबला ढोकी रोडच्या एका मंगल कार्यालयात जेवून मी पान चघळत बाहेर आलो. समोर साठ-सत्तर मोटारसायकली. सगळ्या काळ्या. सगळ्यांच्या टाकीवर तीच पट्टी, सगळ्यांचे नंबर एमएच-25 नं सुरू होणारे, आणि चटका बसू नये म्हणून सगळ्यांच्या सीटवर त्याच लग्नात आहेरात मिळालेला तोच गुलाबी टॉवेल. मी एका गाडीला किल्ली लावली, लागली. किक मारली, सुरू झाली. घरी आलो.

"कुणाची गाडी आणलीत?" हिनं दारातच विचारलं.

"आपलीच की."

"आपल्या गाडीला दुधाच्या किटल्या कधीपासनं आल्या?"

बघतो तर खरंच, दोन्ही बाजूंना मोठमोठ्या दोन किटल्या. रस्ताभर काहीतरी पोटऱ्यांना लागत होतं खरं. पण जेवण जास्त झालं की मला असं काहीबाही होतं, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. तासाभरानं गाडीचा मालक आला. येताना माझ्याच गाडीवर आला. त्याचीही किल्ली लागली होती.

"सर, तुमची गाडी लई हलकी चालती," तो म्हणाला. "अशीच ठिवू का बदलून?"

मी नको म्हणालो. तो गेल्यावर ही म्हणाली, "गाडी चुकली ते चुकली. किटल्यांतलं दूध तरी ओतून घ्यायचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर कळंबहून अपडाऊन करतोय. जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर. एवढ्या वर्षांत रस्त्यात कुणी मला ओळखून हात केला नाही, कारण त्या गाडीवर मी आहे की दूधवाला आहे की पतसंस्थेचा वसुलीवाला, हे लांबून कुणाला कळतच नाही. ठरवलं, आपली गाडी अशी पाहिजे की हजारांत ओळखू यावी.

भाचा पुण्यात कॉम्प्युटरवर असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, इटालियन रेट्रो घ्या."

"रेट्रो म्हणजे?"

"जुनी दिसणारी नवी गाडी."

"आणि जुनी दिसणारी जुनी?"

"तिला भंगार म्हणतात."

त्यानं बेनेली इंपिरियाले 400 चे फोटो पाठवले. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, चकचकीत सायलेन्सर. बघताक्षणी मन गेलं. मी मास्तर असल्यामुळं आधी इतिहास वाचला. इटलीत पेसारो नावाचं गाव आहे. तिथल्या तेरेसा बेनेली या विधवा बाईनं 1911 साली आपली सहा पोरं कामाला लागावीत म्हणून होतं नव्हतं ते घालून त्यांना गॅरेज काढून दिलं. त्यातून ही कंपनी उभी राहिली. मला भरून आलं. आपल्याकडं ती बाई असती तर सहाही पोरांना डी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघत ओट्यावर बसवलं असतं.

मग किंमत वाचली. 2019 साली ही गाडी भारतात आली तेव्हा 1 लाख 69 हजारांना होती, तीही शोरूमच्या आतली किंमत. शोरूमच्या बाहेर आली की ती आणखी वाढणार. वजन 205 किलो. म्हणजे दोन क्विंटल सोयाबीनपेक्षा पाच किलो जास्त. वाटेत आडवी पडली तर उचलायला मार्केट यार्डातून हमाल आणावे लागतील, आणि हमाली, तोलाई दोन्ही द्यावी लागेल.

"आणि ती कंपनी 2005 पासून चिनी मालकाकडं आहे म्हणे," मी हिला सांगितलं.

"म्हणजे गाव इटलीचं, मालक चीनचा," ही म्हणाली, "आणि हप्ते आपले."

मोटारसायकलीचा विषय तिथंच मिटला. पण इटलीचा मिटला नाही. आमच्या केंद्रातला एक सहकारी म्हणाला, "इटालियनच पाहिजे तर एवढं लांब कशाला जाताव? स्कूटर घ्या. आपल्या बापजाद्यांनी दुसरं काय चालवलं?" त्यालाच ठाऊक होतं, की जवळच्या गावात एका निवृत्त ग्रामसेवकाच्या गोठ्यात कडब्याखाली एक जुनी स्कूटर आहे.

गेलो. कडबा उपसला. आत खरोखर एक स्कूटर होती, आणि तिच्या पुढच्या डिक्कीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. डिक्कीचं झाकण कधीच गेलं होतं. पुढच्या पत्र्यावरचं कंपनीचं नावही गळून पडलं होतं. राहिली होती फक्त दोन भोकं. ही स्कूटर नेमकी कुठल्या कंपनीची, हे मी शेवटपर्यंत सांगणार नाही. वय वर्षं चाळीस, मुक्काम गोठा, आणि चालवणारा मी. पुढं जे घडलं त्यात कंपनीला ओढणं पाप होईल.

"नऊ हजार," ग्रामसेवक म्हणाले.

"कोंबडीसकट?"

"कोंबडीसकट साडेनऊ."

कळंबमधल्या मिस्त्रीच्या गॅरेजसमोर स्कूटर टेम्पोतून उतरवली आणि दहा मिनिटांत तिथं पंधरा माणसं जमली. एवढी माणसं माझ्या निरोप समारंभाला तरी येतील का, शंका आहे. पहिला वाद नावावरून. एक म्हणाला व्हेस्पा, दुसरा म्हणाला चेतक, तिसरा पोस्टातला पेन्शनर, तो लँब्रेटावर अडून बसला. मिस्त्रीनं पान थुंकून निकाल दिला, "लँब्रेटाचं इंजिन मधोमध असतंय आण्णा. हिचं उजव्या पुठ्ठ्यात हाय. ही त्या दुसऱ्या घराण्यातली."

इथं मला राहवलं नाही. मी पंधरा जणांना घराणं समजावून सांगितलं. पियाज्जो कंपनी आधी विमानं बनवायची. युद्धात पोंतेदेराचा कारखाना बॉम्बनं उद्ध्वस्त झाला, विमानांना गिऱ्हाईक राहिलं नाही. मालक एन्रिको पियाज्जोनं कोरादिनो दास्कानियो नावाच्या इंजिनिअरला स्वस्त दुचाकी करायला सांगितली. हा गडी मुळात हेलिकॉप्टरच्या नादातला, त्याला मोटारसायकलचा मनापासून तिटकारा. चेनीचं तेल कपड्यांना लागतं, पंक्चरलेलं चाक काढता काढता जीव जातो, आणि बसायला टांग टाकावी लागते. म्हणून त्यानं इंजिन पत्र्याआड झाकलं, चेन काढून टाकली, पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं आणि पाय ठेवायला मधे ओटा केला. मागून गोल, मधे बारीक असा तो नमुना बघून मालक म्हणाला, ही तर गांधीलमाशी दिसते. इटालियनमध्ये गांधीलमाशीला व्हेस्पा म्हणतात. साल 1946.

"म्हणजे मोटारसायकल न आवडणाऱ्या माणसानं केली," पेन्शनर म्हणाला.

"हो."

"मग बरोबर. आमचं एस.टी.चं वेळापत्रकबी एस.टी.त न बसणारा माणूसच करतंय."

इटालियन बायकांना स्कर्टवर बसता यावं म्हणून केलेली ती रचना आमच्याकडं धोतराच्या आणि नऊवारीच्या कामी आली. 1960 पासून बजाजनं पियाज्जोच्या परवान्यावर भारतात व्हेस्पा काढल्या. 1971 ला करार संपला, आणि 1972 ला त्याच घराण्याचं रूप घेऊन चेतक आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, अंग इटालियन, आणि ओट्यावर कधी गॅसची टाकी, कधी दळणाचा डबा, कधी उभं पोरगं. नंबर लावला की गाडी मिळायला दहा-दहा वर्षं लागायची. पेन्शनर म्हणाला, "आमच्या सासऱ्यानं लग्नात कबूल केली. नंबर लागला तवा आमचं पोरगं तिसरीत. गाडी आली, पोरगं पुढं उभं केलं, तर त्याच्या डोक्यानं मला रस्ताच दिसंना."

मिस्त्रीनं दीड महिना घेतला. रोज गेलं की तो एक नवीन जुनी वस्तू दाखवायचा. गिअरची वायर, क्लचची वायर, पेट्रोलचा कॉक, रबरं. रंगाच्या बाबतीत मात्र मी हटून बसलो. इटलीतल्या स्कूटरींना एक फिकट समुद्री हिरवा रंग असतो, तोच पाहिजे. पेंटरला मोबाइलवर फोटो दाखवला. तो म्हणाला, "मिळतोय की सर. सरकारी दवाखान्यात मीच मारलाय." दवाखान्यातला उरलेला डबा त्याच्याकडं होता. रंग देऊन स्कूटर बाहेर काढली, त्याच दिवशी बसस्टँडजवळ एका म्हातारीनं हात करून मला थांबवलं.

"लेकरा, लशीची गाडी का?"

चालवायचं शिकणं हा वेगळा अध्याय. हिचे गिअर डाव्या हातात. क्लच दाबायचा आणि मूठच फिरवायची. वीस वर्षं पायानं गिअर टाकलेला माणूस मी. हात मूठ फिरवायचा आणि डावा पाय सवयीनं ओट्यावर थापा मारायचा. शिवाजी चौकातून चार दिवस अशा थापा मारत गेलो, तर पाचव्या दिवशी मेडिकलवाल्यानं हाक मारून वाताच्या तेलाची बाटली दिली. "आमच्या वडलांना लागू पडलं, सर. पैसे नंतर द्या."

सुरू करणं हा तर विधीच. सकाळी आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा. मग स्कूटर एका अंगावर तिरपी करून काही सेकंद धरायची, जणू कानात पाणी गेलेल्या पोराला झुकवलंय. मग सरळ करून किक. नाही झाली तर प्लग काढायचा, दाढीच्या जुन्या ब्लेडनं खरवडायचा, फुंकर मारायची, कपाळाला लावायचा, परत बसवायचा. कपाळाला लावणं मिस्त्रीनं सांगितलं नव्हतं. ते माझं मी वाढवलं. शेजारचे नाना रोज सात वाजता चहाचा कप घेऊन बघायला उभे राहायचे. कितव्या किकला सुरू होते याची त्यांनी भिंतीवर खडूनं नोंद ठेवली होती. ज्या दिवशी पहिल्या किकला सुरू झाली त्या दिवशी ते नाराज होऊन आत गेले.

शाळेची वाट चौदा किलोमीटर. काळ्या गाडीवर पंचवीस मिनिटं लागायची. आता दीड तास लागायला लागला, आणि त्यात स्कूटरचा वेग हे कारण सगळ्यात छोटं. दर फाट्यावर कुणीतरी हात करायचंच. "सर, थांबा की. आमच्या काकाची अशीच होती." मग काका निघायचे. काकांबरोबर काकूंचं बाळंतपण निघायचं, भर पावसात मांजरेच्या पुलावरून त्यांना याच गाडीवर दवाखान्यात कसं नेलं ते निघायचं. एका आजोबांनी तर मला उतरवलं, स्वतः बसले, हँडल धरलं आणि पाच मिनिटं नुसते गप्प बसले. उतरताना म्हणाले, "ब्रेक ढिला हाय." नव्या गाडीला कुणी असं भेटत नाही. तिचं लोक फक्त मायलेज विचारतात.

हे सगळं मला गोड वाटत होतं. मुख्याध्यापकांना वाटत नव्हतं. हजेरीपटाशेजारी त्यांनी माझ्यासाठी वेगळी वही केली: उशिरा येण्याची कारणे. सोमवार, प्लग. मंगळवार, प्लग. बुधवार, काकूंचं बाळंतपण. गुरुवार, क्लचची वायर. शुक्रवार, पुन्हा काकू.

"सर," ते म्हणाले, "ही काकू नेमकी किती वेळा बाळंत होणार आहे?"

पोरं मात्र खूश. आमची पटसंख्या एकोणीस. शाळा सुटली की एकोणीसच्या एकोणीस पोरं स्कूटर ढकलायला हजर. चौथीतल्या एका पोरानं परिसर अभ्यासाच्या पेपरात 'वाहतुकीची साधने' या प्रश्नाला उत्तर लिहिलं: बैलगाडी, एस.टी., रेल्वे, विमान, आणि सरांची गाडी (ही आपण ढकलतो). मी पूर्ण गुण दिले.

यानंतर मला एक दुर्बुद्धी सुचली. 'रोमन हॉलिडे' नावाचा 1953 चा एक इंग्रजी सिनेमा आहे. त्यात ऑड्रे हेपबर्न आणि ग्रेगरी पेक व्हेस्पावरून रोम फिरतात. त्या सिनेमानं जगभर ह्या गाडीची हवा केली. मी हिला म्हणालो, "आपण येरमाळ्याला जाऊ. चैत्री पौर्णिमेची यात्रा आहे, येडाईचं दर्शन होईल." मनात मात्र रोम होतं.

निघताना ही मागं बसली, आणि सासूबाईंसाठी घेतलेला पाच किलोचा दळणाचा डबा माझ्या पायांमधे ओट्यावर बसला. ऑड्रे हेपबर्नच्या पदराला वारा लागला असेल. हिनं पदर डोक्यावरून घेऊन कानामागं घट्ट खोचला होता. येरमाळ्याच्या अलीकडं, यात्रेला चाललेल्या गर्दीत, भर उन्हात स्कूटर दोनदा उचकी देऊन थांबली. विधी केला. तिरपी केली, प्लग काढला, कपाळाला लावला. पंचवीस किका. ही डबा डोक्यावर घेऊन शांतपणे बघत होती. शेवटी विचारलं, "पेट्रोल बघितलं का?"

पेट्रोल आधीच रिझर्व्हला लागलं होतं. कॉक तेव्हा मीच फिरवला होता, आणि मीच विसरलो होतो. यात गाडीचा काडीचा दोष नव्हता, हे मी हिला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. "गाडीचा नाहीच," ती म्हणाली.

तेवढ्यात एक मालवाहू अ‍ॅपे रिक्षा आली. मागं दोन शेळ्या. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळ्या अजून उस्मानाबादीच आहेत. ड्रायव्हरनं, मी आणि दोन वारकऱ्यांनी मिळून स्कूटर वर चढवली. ही पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागं, एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं दळणाचा डबा धरून, शेळ्यांमधे उभा राहिलो. अर्ध्या वाटेवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी मागूनच ओरडून सांगायला लागलो:

"तुमची ही गाडी कुठली माहितीय का? इटलीची! अ‍ॅपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. 1948 ला व्हेस्पावरूनच केली. माझी ही गांधीलमाशी, तुमची ती मधमाशी. सख्ख्या बहिणी!"

"इटलीची नाही सर," ड्रायव्हर पुढून ओरडला. "बारामतीची."

त्याचंही खरं होतं. पियाज्जोच्या अ‍ॅपे 1999 पासून बारामतीत तयार होतात, आणि 2012 पासून नवी व्हेस्पासुद्धा तिथंच होते. म्हणजे आमच्या अख्ख्या तालुक्यात दिवसभर इटालियन गाड्याच धावतात; दाटीवाटीनं माणसं, कडबा, गुळाच्या ढेपा, शेळ्या घेऊन. त्यांचा फोटो कुणी काढत नाही. आणि एका मास्तरची इटालियन गाडी बंद पडली की यात्रेतली पन्नास माणसं मोबाइल काढतात. उतरताना मी भाडं विचारलं.

"गाडीचे तीनशे. वहिनींचं काही नाही."

"आणि माझं?"

"तुमचं शेळीच्या दरानं धरलंय, सर."

तरीही माझा मूळ हेतू सफल झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. मला हजारांत ओळखू येणारी गाडी पाहिजे होती. आता मला तालुका ओळखतो. पण ओळखण्याचं एक असतं, ते चोवीस तास चालू राहतं.

मला साखर आहे. डॉक्टरांनी गोड आणि तळलेलं बंद केलंय. पूर्वी शाळेतून येताना मी मार्केट यार्डाजवळच्या एका टपरीवर गाडी लावून एक प्लेट भजी खायचो, आणि निवांत घरी जाऊन ज्वारीची भाकरी मागायचो. समोर वीस-पंचवीस काळ्या गाड्या उभ्या असायच्या, त्यात माझी कुठली हे मलाच सांगता आलं नसतं. परवा तशीच एक प्लेट मागवली. पहिलं भजं चटणीत बुडवतोय तोच फोन वाजला.

"किती खाल्लीत?" ही.

"काय?"

"भजी. हिरवी स्कूटर टपरीसमोर उभी आहे. तीन जणींनी फोन करून सांगितलं. नानांनी फोटो पाठवलाय."

मी हातातलं भजं फोटोत दिसतं का, ते विचारलं. दिसत होतं.

तेव्हापासून माझं सगळं उघड्यावर आलंय. केशकर्तनालयात किती वेळ बसलो, पेढ्याच्या दुकानासमोर का थांबलो, पतसंस्थेत कशाला गेलो, सगळं घरी माझ्या आधी पोचतं. केंद्रप्रमुख परवा म्हणाले, "सर, काल तुम्ही वैद्यकीय रजेवर होतात ना? तुमची गाडी केजच्या बाजारात बरी दिसत होती." एवढं आयुष्य मी लोकांनी आपल्याकडं बघावं म्हणून तळमळत काढलं, आणि लोक बघायला लागल्यावर लपायला जागा शोधतोय.

स्कूटर मात्र विकणार नाही. शाळेला तिच्यावरच जातो. पोरं वाट बघतात, आजोबा दर मंगळवारी ब्रेक तपासतात, नाना खडू घेऊन उभे असतात. फक्त भज्यांच्या दिवशी मी मेव्हण्याची गाडी मागून नेतो. काळी, शंभर सीसीची, कुणाच्याही नजरेत न भरणारी. टपरीसमोर पंचवीस गाड्यांत ती लावतो आणि पाठमोरा बसून दोन प्लेट खातो. निघताना मेव्हण्याची कुठली ते आठवत नाही. पण त्याचं आता काही वाटत नाही. समोरची पहिली गाडी धरतो. किल्ली लागतेच. फक्त किटल्या आहेत का, तेवढं बघून घेतो.